मित्राची वेबसाइट बनवताय? मग चाव्या त्याच्याच हातात द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण विद्यार्थ्याची पोर्टफोलिओ वेबसाइट फुकटात कशी चालू करायची ते बघितलं. कोड, फोटो, बटणं, सगळं स्क्रीनवर दाखवलं. पण या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून ती इथं लिहितोय.

आमच्या भवानीनगर भागातले दोन मित्र. दोघंही इंजिनिअरिंगचे, एक कॉम्प्युटरचा, एक मेकॅनिकलचा. शेवटच्या वर्षाला कॉम्प्युटरवाल्यानं मेकॅनिकलवाल्याला वेबसाइट करून दिली. चार रात्री जागला बिचारा. स्वतःच्या नावाचं डोमेन, पहिल्याच पानावर गोल फिरणारा गिअर, खाली कॅड ड्रॉइंगची गॅलरी. पैसे किती? "मित्राकडून कसले पैसे, पार्टी दे." भिगवणला जाऊन मासे खाल्ले आणि हिशोब मिटला.

मिटला असं वाटलं, एवढंच. वर्षभरानं मेकॅनिकलवाल्याची चाकणला मुलाखत होती. रेझ्युमेवर वेबसाइटचा पत्ता ठळक छापलेला. समोरच्या साहेबांनी तिथल्या तिथं मोबाइलवर टाकून बघितला, तर पान उघडेचना. डोमेनचं वर्ष संपलं होतं. नूतनीकरणाचे मेल आले होते, पण ते बनवणाऱ्याच्या कॉलेजच्या मेलवर, आणि कॉलेज सुटल्यावर तो मेल बंद झाला होता. नोकरी त्याच कारणानं गेली असं मी म्हणणार नाही. पण ज्या पाच मिनिटांत स्वतःचं काम दाखवायचं, ती सारवासारव करण्यात गेली. आणि हे दोघं आता एकमेकांशी तुटक बोलतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता सांगा, चूक कुठं झाली? कोड चांगला होता, डिझाइन चांगलं होतं. चुकला तो व्यवहार. माझं मत स्पष्ट आहे: वर्गमित्राची वेबसाइट ही मदत नाही, तो तुमचा पहिला धंदा आहे. पहिल्या गिऱ्हाइकाशी जसं वागाल तशीच सवय पुढं लागते.

सातबारा कुणाच्या नावावर?

आपल्याकडं जमीन कुणीही कसू दे, सातबारा बघितल्याशिवाय मालक ठरत नाही. डोमेनचं तसंच आहे. ते ज्याच्या खात्यावर नोंदलं, वेबसाइटची किल्ली त्याच्याकडं. म्हणून पहिल्या दिवशी मित्राला शेजारी बसवा. खातं त्याच्या स्वतःच्या मेलवर उघडा, कॉलेजच्या मेलवर नाही. ओटीपी त्याच्या फोनवर येऊ दे. गिटहबवर ठेवणार असाल तर रिपॉझिटरी त्याच्या खात्यावर काढा आणि तुम्ही कोलॅबोरेटर म्हणून आत या. काम तेवढंच होतं, पण मालकी जागेवर राहते.

आणखी एक. डोमेन विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही. गिटहब पेजेसवर त्यांच्याच पत्त्याखाली साइट फुकट चालते आणि त्या पत्त्याला दरवर्षी पैसे भरावे लागत नाहीत. ज्याला दरवर्षी नूतनीकरण करणं जमणार नाही, त्याच्या गळ्यात डोमेन बांधू नका.

कोडचंही बोलून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात प्रोग्रामही येतो. मित्रासाठी स्वतंत्रपणे लिहिलेल्या कोडचे पहिले मालक सहसा तुम्हीच असता. तो त्याला द्यायचा असेल तर साध्या कागदावर चार ओळी लिहून सही करा. मैत्रीत कागद कशाला, असं वाटेल. कागद भांडणासाठी नसतो, भांडण होऊ नये म्हणून असतो.

काटा मारू नका

हल्ली प्रत्येक पोर्टफोलिओवर पट्ट्या दिसतात: एचटीएमएल ९० टक्के, जावास्क्रिप्ट ८० टक्के. मी विचारतो, हे वजन कुठल्या काट्यावर केलं? छत्रपती कारखान्याच्या भागातल्या पोरांना काटा मारणं म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. ऊस कमी भरला की आपण चिडतो, आणि स्वतःच्या वेबसाइटवर वजन वाढवून दाखवतो? त्या पट्ट्या काढून टाका.

दुसरं, नुसतं टनेज दाखवू नका, उतारा दाखवा. उसाची एफआरपीसुद्धा १०.२५ टक्के उतारा धरून ठरते. बारा अर्धवट प्रोजेक्टपेक्षा तीन पूर्ण प्रोजेक्ट भारी. प्रत्येक प्रोजेक्टला मित्राला तीनच प्रश्न विचारा. काय अडलं होतं? तू नेमकं काय केलंस? शेवटी काय झालं? ग्रुप प्रोजेक्ट असेल तर त्यातला तुझा तुकडा कोणता, हेही. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तुम्ही लिहिलेलं इंग्रजी कितीही फर्डं असलं, तरी मुलाखतीत बोलायचंय त्याला.

इथून जवळ वालचंदनगर आहे. तिथं साखर कारखान्यांची यंत्रं बनली, इस्रोच्या रॉकेटचे भाग बनले. अशा कामातल्या माणसाला तुमचा फिरणारा गिअर बघायचा नसतो. त्या गिअरचं ड्रॉइंग स्पष्ट दिसतंय का, मापं वाचता येतात का, हे बघायचं असतं. म्हणून साइट सगळ्यात आधी मोबाइलवर, साध्या नेटवर उघडून बघा. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच टाकू नका, दोनशे-तीनशे केबीपर्यंत आणा. ड्रॉइंग मात्र बोटांनी मोठं करून वाचता आलं पाहिजे. मराठी मजकूर असेल तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद करा, आणि मुक्तासारखा मोफत देवनागरी फॉन्ट वापरा. आणि आधार कार्ड, घरचा पूर्ण पत्ता, मार्कशीटचा स्कॅन यातलं काहीही टाकायचं नाही. संपर्काला मेल पुरे.

पैसे घ्यायचे की नाही?

इथं बरेच जण माझ्याशी भांडतात. "सर, मित्राकडं पैसे नसतात." मान्य. मग घेऊ नका. पण किंमत सांगा. "हे काम तीन हजारांचं आहे, तुझ्याकडून घेत नाही" असं म्हणणं वेगळं आणि "पार्टी दे" म्हणणं वेगळं. किंमत सांगितली की समोरचा फोटो वेळेवर देतो, दहाव्यांदा रंग बदलायला सांगत नाही. पैशांऐवजी काम घ्या. तो तुम्हाला मशीन ड्रॉइंग शिकवेल, पहिला गिऱ्हाईक आणून देईल, नाव घालून दोन ओळींचा अभिप्राय देईल. उद्या बारामतीच्या एखाद्या दुकानदारापुढं कोटेशन ठेवताना तो अभिप्राय कामाला येतो.

कुणी म्हणेल, आता टेम्पलेट आहेत, एआय पाच मिनिटांत साइट बनवून देतं, मग एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे, कोड आता स्वस्त झाला. म्हणूनच तर सांगतोय. मित्राला बसवून प्रश्न विचारणं, खोटं काढून टाकणं, मालकी त्याच्या नावावर करणं, ही कामं टेम्पलेट करत नाही. उद्या लोक तुम्हाला पैसे देतील ते याच कामांचे.

तेव्हा आज एवढंच करा. आजवर ज्याची ज्याची साइट बनवून दिली, ती मोबाइलवर उघडा. चालू आहे का बघा. खातं कुणाच्या मेलवर आहे ते तपासा. तुमच्या मेलवर असेल तर आजच फोन लावा आणि म्हणा, "ये, तुझी चावी घेऊन जा."

फोन लावायला कदाचित जड जाईल. तरी लावा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.