तीन बोटें

आमच्या वर्गांत 'मोठेपणीं कोण होणार?' असा प्रश्न केला कीं निम्मे हात 'डॉक्टर' म्हणून वर जातात. गेल्या उन्हाळ्यांत माझ्या मावसभावास जबड्याच्या कर्करोगाच्या शंकेमुळें नागपुरास न्यावें लागलें. तेथील डॉक्टरांशीं दोन वेळां निवांतपणें संभाषण झालें, आणि तेव्हांपासून त्या वर आलेल्या हातांकडे मी निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों आहें.

डॉक्टरांनीं भावास प्रथम स्वतःचीं तीन बोटें उभीं धरून दातांमध्यें घालावयास सांगितलें. एकच गेलें. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कोणत्याही चौकांत मिळतो. तो वर्षानुवर्षें गालांत ठेवला म्हणजे आंतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारें क्षत, हीं धोक्याचीं चिन्हें. "हें सारें आरशांत दिसतें," डॉक्टर म्हणाले, "पण लोक येतात ते मानेंत गांठ आल्यावर." मीं विचारलें, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून शस्त्रक्रियेस साह्य मिळतें, मग उशीर कां? ते हंसले. "शस्त्रक्रियेचा खर्च सरकार देईल हो. आरसा कोणीं दाखवावयाचा?"

हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथें विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं मुखाचा कर्करोग आणि चघळण्याच्या संवयी यांचा संबंध अभ्यासिला. त्यांचें काम शस्त्र हातीं धरण्याचें नव्हतें, सूक्ष्मदर्शकांतून पाहण्याचें होतें. कमल रणदिवे यांची हकीकत तर पालकांनीं मुद्दाम ऐकावी. मुलीनें वैद्यक शिकावें अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती. त्या जीवशास्त्राकडे वळल्या, खानोलकरांच्या मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं डॉक्टरेट मिळविली, आणि मुंबईस कर्करोगाच्या संशोधनासाठीं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. रोग्याची नाडी न पाहतांही कर्करोगाशीं झुंजतां येतें. प्रवेश-परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून घरांत सुतक पाळणाऱ्यांनीं परिचारिका, प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञ, गांवोगांव हिंडणारी आशाताई यांच्याविषयीं मुलांशीं कधीं एक शब्द तरी बोलावा.

आतां धोरणाविषयीं. गुटख्यावर महाराष्ट्रानें २०१२ सालीं बंदी घातली; पण खर्रा टपरीवर गिऱ्हाइकासमोर घोटला जातो, त्यास कारखाना लागत नाहीं. २००३ च्या कायद्याप्रमाणें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास मनाई आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलास ती कोठेंही विकतां येत नाहीं. आमच्या फाटकापासून टपरीपर्यंत मीं स्वतः पावलें मोजलीं, एकसष्ट भरलीं. तक्रार अर्ज दिला, त्यास पांच महिने झाले. तथापि सारा दोष दुकानदाराचा असें मी म्हणणार नाहीं. नववींतील मुलें तेथें रांगेंत उभीं असतात तीं पुष्कळदां वडिलांच्या सांगण्यावरून. सरकारनें प्रत्येक शाळेंत वर्षांतून दोनदां मुखतपासणी करावी व तिचा खर्च शस्त्रक्रियेच्या आधीं मंजूर करावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

भावाची शस्त्रक्रिया झाली. तो पेज पितो, बोलणें मात्र आम्हांस अद्याप नीट समजत नाहीं.

जूनपासून वर्गांत खिडकीशेजारीं एक आरसा टांगला आहे. पहिल्याच आठवड्यांत दोन मुलांचीं तीन बोटें तोंडांत गेलीं नाहींत. संध्याकाळीं मी दोघांच्याही घरीं गेलों. एकाच्या वडिलांनीं दार उघडलें, मला बसावयास सांगितलें, आणि बोलण्यापूर्वीं गालांतला खर्रा थुंकण्यासाठीं ते अंगणांत गेले.