विरामाचाही अधिकार

'ध'चा 'मा' झाला आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा घात झाला, ही आख्यायिका मराठी माणसाला सर्वश्रुत आहे. स्वल्पविरामही तितकाच घात करू शकतो. 'फाशी नको, सोडा' आणि 'फाशी, नको सोडा' यांत अंतर एका चिन्हाचे. पण एका प्राणाचे!

ब्रेल लिपीत सहा टिंबांतून ६३च आकृत्या सिद्ध होतात. साहजिकच एकीला अनेक कामे पडतात. इंग्रजी ब्रेलमध्ये प्रश्नचिन्ह आणि अवतरण उघडणारे चिन्ह एकच. शब्दाआधी आले तर अवतरण, शब्दानंतर आले तर प्रश्न. जुन्या पद्धतीत कंस उघडणारे व मिटणारे चिन्हही एकच होते. २००४ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या एकीकृत इंग्रजी ब्रेलने तो संदेह दूर केला.

१९५१च्या भारती ब्रेलने आपल्या भाषांना समान लिपी दिली. आता तिच्या विरामचिन्हांकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावयास हवे. ब्रेल पाठ्यपुस्तक व प्रश्नपत्रिका यांचे मुद्रितशोधन ब्रेल जाणणाऱ्या अंध वाचकाकडूनच, मूळ प्रतीशी चिन्हागणिक ताडून, झाले पाहिजे. येथे प्रश्न दयेचा नाही, हक्काचा आहे. अक्षर देऊन विराम नाकारणे म्हणजे अर्धे ज्ञान देणे होय.