चिऱ्याची भिंत

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या घराची पश्चिमेकडील भिंत खचली. ती सिमेंटच्या ठोकळ्यांनी बांधावी की चिऱ्यांनी, यावरून घरात दोन पक्ष पडले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, चिऱ्यात चांगला हात असलेले गवंडी आता मिळतात कुठे?"

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीत तो मऊ असतो, सहज कापला जातो. वारा लागला की टणक होतो. पण तो सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणूनच पूर्वज त्यावर चुन्याचा गिलावा देत आणि छपराची वळचण भिंतीपुढे बरीच ओढून घेत. जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिका १६०५ मध्ये पूर्ण झाली. १९५० च्या दशकात, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून, तिचा गिलावा उतरविण्यात आला. तेव्हापासून उघडा पडलेला चिरा दर पावसाळ्यात झिजत आहे. उलट, नव्या वास्तूलाही चिरा शोभतो, हे चार्ल्स कोरिया यांनी पणजीच्या कला अकादमीत दाखवून दिले.

तेव्हा वाचकहो, प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. दगडाचा स्वभाव ओळखण्याचा आहे. अखेर चिरंजीवांचे ऐकून पाया काँक्रीटचा घातला. माझे ऐकून भिंत चिऱ्याची आणि गिलावा चुन्याचा झाला. वळचण मात्र दोघांच्या संमतीने हातभर वाढविली.

आता पाहू, येता पावसाळा कोणाची बाजू घेतो!