तक्रारपत्राच्या तासाला गाडीचं बिल घेऊन या

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये गाडीचा विषय नुसता काढून बघा. कोणाचा क्लच वीस हजार किलोमीटरच्या आतच गेलेला असतो. कोणाच्या एसीतून उन्हाळ्यात कोमट हवा येते. कोणाची गाडी स्पीडब्रेकरवरून जाताना खडखडते आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "सर, या मॉडेलला एवढं नॉर्मल आहे." बिलाचे आकडे ऐकले की वाटतं, यांनी गाडी दुरुस्त केली की अर्धी गाडी नवीन घेतली? सगळे तावातावाने बोलतात. तेवढ्यात घंटा होते आणि आपल्यापैकी एक जण वर्गात जाऊन औपचारिक पत्रलेखन शिकवतो. विषय असतो, 'मागवलेली पुस्तके फाटकी मिळाल्याबद्दल विक्रेत्याकडे तक्रार करा.'

मुलं ते पत्र पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. आपणही विसरलेलो आहोत, नाही का? गाडीवर घरातले लाखो रुपये अडकलेले असतात, डोक्यावर हप्ता असतो, आणि तरी स्टाफरूममधल्या त्या तक्रारींतली एकही कागदावर उतरत नाही. जी उतरते ती बहुतेक वेळा अशी लिहिलेली असते, की समोरच्याला ती दोन ओळींत फेटाळता यावी. म्हणून मला असं वाटतं, की तक्रारपत्राचा तास खऱ्या बिलावर, खऱ्या जॉब कार्डवर घ्यावा. नववी-दहावीच्या मुलांना ते नक्की जमतं, आणि घरी जाऊन ती मुलंच आईवडिलांना चार प्रश्न विचारतात.

आधी एक अवघड गोष्ट कबूल करायला हवी. गाडीतली प्रत्येक बिघाडाची तक्रार 'दोष' या सदरात बसत नाही. काही भाग घासून संपण्यासाठीच बनवलेले असतात. ब्रेक पॅड, वायपरचं रबर, टायर, क्लचप्लेट. वॉरंटीच्या पुस्तकात हे भाग सहसा वेगळे काढलेले असतात, आणि ते पान आपण गाडी घेताना वाचत नाही. पेढे वाटण्याची घाई असते! मराठीत आपल्याकडे 'दोष' आणि 'झीज' असे दोन स्वच्छ शब्द आहेत. पण तक्रार करताना सगळ्यालाच आपण 'खराब' म्हणतो आणि तिथेच हरतो.

आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील गॅरेज चालवतात. गेल्या वर्षी त्यांना वर्गात बोलावलं. त्यांनी पिशवीतून दोन जुन्या क्लचप्लेट काढून टेबलावर ठेवल्या आणि मुलांना हातात घ्यायला सांगितलं. एक घासून पार पातळ झालेली, रिबिटांपर्यंत. दुसरीवर अस्तर अजून जाड, पण सगळी प्लेट तेलाने माखलेली. "आता सांगा, ड्रायव्हरची चूक कुठली आणि गाडीची चूक कुठली?" त्यांनी विचारलं. मुलं गोंधळली. मग त्यांनी समजावलं. पहिली प्लेट क्लचवर पाय ठेवून गाडी चालवल्याने गेली. घाटात चढावर थांबायचं असेल तर लोक हँडब्रेक लावत नाहीत, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. खंबाटकीत ट्रॅफिक लागलं की शंभरातले किती लोक असं करतात ते तुम्हीच बघा, असं ते म्हणाले. दुसऱ्या प्लेटवर मात्र ऑइल सील गळून इंजिनाचं तेल आलं होतं. तिथे चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतली असती तरी प्लेट घसरलीच असती.

आता यातली खरी मेख बघा. दोन्ही गाड्यांच्या मालकांची तक्रार एकच होती, 'गाडी ओढत नाही.' दोघांना बिलही जवळपास तेवढंच आलं असणार, कारण प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि पैसे त्या लेबरमध्ये जातात. दोष कोणाचा हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे ती जुनी प्लेट. आणि ती आपण सर्व्हिस सेंटरवरच सोडून येतो! घाणेरडी वस्तू घरी कशाला न्यायची, म्हणून. काम सुरू होण्याआधीच लेखी सांगा, की बदललेला प्रत्येक भाग मला दाखवावा आणि परत द्यावा. वॉरंटीत भाग बदलला तर कंपनी जुना भाग ठेवून घेते, तेव्हा निदान फोटो काढा. आजकाल फोन तर सगळ्यांच्याच खिशात आहे.

पत्राकडे येऊ. आपण कसं लिहितो? 'मी आपल्याकडून गाडी घेतल्यापासून मला प्रचंड मनस्ताप होत आहे. आपली सेवा अत्यंत निकृष्ट आहे. तरी त्वरित योग्य ती कार्यवाही करावी.' भाषा शुद्ध आहे, परीक्षेत गुण मिळतील. पण यात गाडीविषयी काय कळलं? काहीच नाही. 'योग्य ती कार्यवाही' म्हणजे काय ते समोरच्याने ठरवायचं, आणि तो ठरवतो, की गाडी धुऊन परत द्यावी.

तेच पत्र वर्गात मुलांनी असं केलं : 'गाडी 18,400 किलोमीटर चालली असताना चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. इंजिन गरम झाल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, हे होते. सकाळी गार असताना होत नाही. यापूर्वी दोनदा दाखवली, दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती सोबत आहेत. गिअरबॉक्स उतरवल्यावर ऑइल सीलची तपासणी माझ्या समक्ष करावी व कारण लेखी द्यावे. सील गळत असल्यास दुरुस्ती वॉरंटीत करावी.' यात एकही रागाचा शब्द नाही, पण उत्तर टाळायला जागाही नाही. औपचारिक पत्रात आपण 'विषय' आणि 'संदर्भ' लिहायला लावतो ना? मुलं 'संदर्भ' कंटाळून गाळतात किंवा मनाने काहीतरी तारीख टाकतात. गाडीच्या तक्रारीत सगळा जीव त्या संदर्भाच्या ओळीत असतो. म्हणूनच जॉब कार्डवर सर्व्हिस अॅडव्हायझर 'जनरल चेकअप' एवढंच लिहीत असेल तर सही करू नका. तुमचं गाऱ्हाणं तुमच्या शब्दांत लिहायला लावा. तिसऱ्या वेळी तीच तक्रार घेऊन गेलात आणि कागदावर तीनदा 'जनरल चेकअप' असेल, तर कागदोपत्री तुमची गाडी कधी बिघडलीच नव्हती.

एवढं सगळं ग्राहकानेच करायचं का, कंपन्यांचं काहीच चुकत नाही का, असं कोणी विचारेल. चुकतं, आणि चांगलंच चुकतं. 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ स्पेअर पार्ट आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती, तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू द्यायची नाहीत, म्हणजे ग्राहक आपल्याच दारात येईल आणि आपण म्हणू ती किंमत देईल, असा तो प्रकार होता. पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. पण 'पार्ट फक्त आमच्याकडेच मिळेल' हे वाक्य आपण निसर्गनियमासारखं ऐकून घेतो, ते तसं नाही, एवढं त्या निकालावरून समजावं. 2022 च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची, पार्टची, वॉरंटीची माहिती तिथे खुली करावी, ही अपेक्षा आहे.

आणि बिलातल्या त्या गोड नावांच्या ओळी? एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, इंटिरिअर एनरिचमेंट. यातलं मालकाच्या पुस्तकातल्या सर्व्हिसच्या तक्त्यात काय आहे, ते मुलांना शोधायला द्या. गणिताच्या शिक्षकांनी शेकडेवारी करून घ्यावी : बिलातले किती टक्के तक्त्यातल्या कामाचे, किती टक्के न मागितलेल्या कामाचे. एका पालकांच्या बिलावर मुलांनी हे केलं तेव्हा वर्गात बराच वेळ हशा चालला होता. पालकांना मात्र हसू आलं नसणार.

पत्राला उत्तर आलं नाही तर पुढे काय, हे आपल्यालाही माहीत असायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तिथे काम झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की चेन्नईला. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि 'बघू, पुढच्या सर्व्हिसला सांगू' म्हणत ती कधी संपते ते कळत नाही. गाडीच्या बांधणीतच दोष आहे असं म्हणायचं असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो. तेव्हा पुन्हा त्या जॉब कार्डांचीच आठवण येते.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्या पालकांसाठी आणखी एक. सुरक्षेशी संबंधित दोष निघाला की कंपनी गाड्या परत बोलावून तो भाग फुकट बदलून देते. ताकाता कंपनीच्या एअरबॅगसाठी जगभर कोट्यवधी गाड्या अशा बोलावल्या गेल्या, त्यात भारतातल्याही होत्या. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने अशा रिकॉलची तरतूदही झाली. पण कंपनीचं पत्र जातं जुन्या मालकाच्या पत्त्यावर. गाडीचा चॅसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. आपल्या मुलांना त्याच गाडीत मागे बसवून आपण गावाला जातो.

वर मुलांनी सुधारलेलं जे पत्र दिलं आहे, ती गाडी आमच्या एका सहशिक्षिकेची. पत्र त्यांनी थोडा फेरफार करून खरंच पाठवलं. प्लेट उतरवताना त्या तिथे उभ्या होत्या आणि सील गळत होतं. कंपनीने सील वॉरंटीत दिलं, प्लेटचे पैसे आधी मागितले, दुसऱ्या पत्रानंतर सोडले. लेबरचे निम्मे पैसे मात्र बाईंना भरावेच लागले आणि ही सवलत 'सद्भावना म्हणून' दिल्याचं कंपनीने लिहून कळवलं. त्या शब्दावर बाईंचा आक्षेप आहे. तिसरं पत्र त्या लिहीत आहेत, आणि दहावी 'ब'ची मुलं त्याचा कच्चा मसुदा तपासत आहेत.