एआयला रिपोर्ट दाखवावा का? फायदे, धोके आणि रुग्णांनी घ्यायची काळजी

रक्ताचा रिपोर्ट रात्री मोबाइलवर येतो. दोन आकडे ठळक अक्षरांत, म्हणजे मर्यादेबाहेर. डॉक्टरांची वेळ परवाची. घरातले कोणीतरी म्हणते, "एआयला विचारून बघ ना." काही सेकंदांत नीटनेटक्या मराठीत उत्तर येते. त्या उत्तरावर किती विसंबायचे?

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजेच एआय माणसाला तारणार की बुडवणार, हा वाद जगभर चालू आहे. महामारी आणि अणुयुद्धाइतकेच एआयचे धोके गंभीरपणे घ्यावेत, असे निवेदन मे २०२३ मध्ये शेकडो तज्ज्ञांनी काढले. त्यावर सही करणारे जेफ्री हिंटन हे या क्षेत्रातले मोठे नाव. याच हिंटन यांनी २०१६ मध्ये म्हटले होते, की नवे रेडिओलॉजिस्ट तयार करणे आता थांबवावे. पाच, फार तर दहा वर्षांत यंत्र त्यांना मागे टाकेल, असा त्यांचा अंदाज होता. आजही रेडिओलॉजिस्ट लागतातच. म्हणून भाकिते बाजूला ठेवून, आरोग्यसेवेत आतापर्यंत काय दिसले ते पाहू.

फायदा कुठे दिसला?

स्वीडनमध्ये ८० हजारांहून अधिक महिलांच्या स्तनांच्या मॅमोग्राफीची चाचणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, एआयची मदत घेतल्यावर कर्करोग शोधण्यात घट झाली नाही आणि डॉक्टरांचे फिल्म तपासण्याचे काम सुमारे ४४ टक्के कमी झाले. मात्र अंतिम निर्णय डॉक्टरांचाच होता.

क्षयरोगाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेमधून क्षयरोगाचे संशयित शोधण्यासाठी संगणकाची मदत घेता येईल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथे हे मोलाचे आहे. पण यंत्राने संशय दाखवला म्हणजे निदान झाले असे नाही. त्यानंतर थुंकीची तपासणी करावीच लागते.

धोका कुठे दिसला?

थायलंडमध्ये मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा तपासणारे एआय प्रयोगशाळेत उत्तम चालले होते. प्रत्यक्ष दवाखान्यांत मात्र अपुऱ्या प्रकाशामुळे पाचपैकी एक फोटो यंत्राने नाकारला.

अमेरिकेत रुग्णाला किती काळजीची गरज आहे, हे एक संगणकप्रणाली त्याच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत असे. त्यामुळे ते जास्त आजारी असूनही कमी आजारी ठरले. २०१९ मध्ये संशोधकांनी ही चूक उघड केली. यंत्र ज्या माहितीवर शिकते, त्या माहितीतला अन्यायही ते शिकते.

आणि २०२५ मध्ये एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आले. साठ वर्षांच्या एका गृहस्थांनी चॅटबॉटशी बोलल्यानंतर मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी भास आणि संशय अशी लक्षणे दिसू लागली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

फरक काय?

मॅमोग्राफीचे किंवा एक्स-रेचे एआय एकच काम करते, त्या कामासाठी तपासलेले असते आणि त्याच्यामागे डॉक्टर उभा असतो. तुमच्या मोबाइलवरचा चॅटबॉट शब्दांमागे शब्द जुळवून उत्तर तयार करतो. त्याने तुमची नाडी पाहिलेली नसते, पोट दाबून पाहिलेले नसते. तुम्ही सांगितले नाही तर तुमच्या किडनीचा त्रास किंवा गर्भारपणही त्याला ठाऊक नसते. आणि तो चुकतो, तेव्हाही तेवढ्याच ठामपणे बोलतो.

तुम्ही काय करावे?

• रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ समजून घ्यायला आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला एआय जरूर वापरा.
• त्याच्या सांगण्यावरून औषध सुरू करू नका, बंद करू नका, डोस बदलू नका. बीपी, साखर, फिट्स, रक्त पातळ करणारी औषधे यांबाबत तर मुळीच नाही.
• छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे, बेशुद्धी यांपैकी काही झाल्यास टाइप करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात जा.
• रिपोर्ट टाकण्यापूर्वी नाव, फोन, आधार क्रमांक काढून टाका.
• रुग्णालयात एआयने वाचलेला रिपोर्ट मिळाला, तर "हा कोणत्या डॉक्टरांनी पाहिला आहे?" असे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

एआयने काय सांगितले, हे डॉक्टरांपासून लपवू नका. आम्हाला राग येत नाही. तुम्ही काय वाचले आणि कशाची भीती वाटली, हे कळले तर उपचार ठरवणे सोपे जाते.