एक यंत्र, दोन कारभारी

दिवाळीत पूजेच्या पाटावर लाल बांधणीच्या चोपडीशेजारी आता संगणकाचा कीबोर्डही मांडला जातो, आणि कुंकवाचे बोट त्यालाही लागते. चोपडीत पहिल्या पानापलीकडे फारसे कोणी लिहीत नाही. खरा हिशेब यंत्रातच असतो. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबर रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. सुरक्षेच्या अपडेटसाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी वर्षभराची मुदत देऊ केली, इतकेच.

रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपासची एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. संगणक २०१७ सालचा. टॅली, छपाई, बिले, सारे सुरळीत. परंतु विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. हा सातव्या पिढीचा. दुकानदार नवा संगणक घ्या म्हणतो. चालते यंत्र भंगारात घालणे जैन घराला सहजासहजी रुचत नाही. मुलगा म्हणतो, “पप्पा, यातच लिनक्स टाकू, फुकट आहे.” वडिलांचा प्रश्न एकच असतो, “टॅलीचे काय?”

प्रश्न रास्त आहे. टॅली विंडोजसाठी घडवलेले आहे. लिनक्सवर ते आडमार्गाने चालवता येते. पण पेढीचा हिशेब आडमार्गावर ठेवू नये. म्हणून दोन्ही प्रणाली एकाच यंत्रात ठेवण्याचा मार्ग उरतो. एका वखारीत भिंत घालून दोन गाळे करावेत, तशी डिस्कची विभागणी करायची. यंत्र सुरू होताच काही सेकंद एक यादी दिसते. जो गाळा निवडावा तो उघडतो. अनेकान्तवादाची आठवण होणे साहजिक आहे, परंतु येथे दोन्ही कारभारी एका वेळी कधीच कामावर नसतात.

लिनक्स ही काही हौशी मुलांची करामत नव्हे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती तिच्यावरच उभारली. नवख्याला उबुंटू किंवा लिनक्स मिंट सोपे पडते. पेन ड्राइव्हवरून, काहीही न बसवता, आधी चालवून पाहता येते. प्रिंटर आणि वाय-फाय चालतात की नाही, हे त्याच वेळी तपासावे.

खरा धोका भिंत घालताना असतो. मांडणीच्या वेळी एक पर्याय ‘विंडोजच्या सोबत बसवा’ असा असतो आणि दुसरा ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ असा. घाईत दुसऱ्यावर बोट पडले, तर वर्षानुवर्षांच्या खतावण्या गेल्याच म्हणून समजावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. अधिकाऱ्यापुढे ‘संगणक पुसला गेला’ ही सबब चालत नाही. म्हणून आधी टॅलीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, तीही दोन ठिकाणी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या महिन्याची बँक-शिल्लक आणि देणेकऱ्यांची यादी जुळवून पाहावी. न उघडलेली प्रत ही न वटलेल्या धनादेशासारखी असते. अनेक पेढ्यांवर ती प्रत संगणकाच्याच खणात पडून असते, हे वेगळेच.

बिटलॉकरची कुलूपबंदी चालू असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली आधी हाती असावी; बदलानंतर यंत्र ती मागू शकते. विंडोजचा गाळा विंडोजमधूनच आक्रसून जागा मोकळी करावी आणि त्यातील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असता विंडोज पुरते बंद होत नाही, अर्धवट झोपते. अशा वेळी लिनक्सने त्या गाळ्यात लिहिले तर फायली बिघडू शकतात.

मग एक गमतीची अडचण येते. लिनक्स वापरून पुन्हा विंडोज उघडले की घड्याळ अनेकदा साडेपाच तास मागे पडलेले दिसते. दुकान सकाळी दहाला उघडावे आणि पडद्यावर साडेचार वाजलेले असावेत. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स जागतिक वेळेचे, आणि भारताचा फरक नेमका तेवढाच. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची सूचना एका ओळीत देता येते. ती देईपर्यंत मुनीमजींनी पावत्यांवरील वेळेवर विसंबू नये.

आता कामाची वाटणी. विंडोज फक्त टॅली, छपाई आणि डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनासाठी. ई-मेल, बँकेचे संकेतस्थळ आणि इतर भटकंती लिनक्समध्ये. टॅलीतून काढलेली विवरणाची फाइल लिनक्समधून जीएसटी पोर्टलवर चढवता येते. लिनक्सला विंडोजचा गाळा दिसतो, म्हणून तेथून टॅलीच्या फोल्डरमध्ये काहीही लिहायचे नाही, हा नियम कडक असावा. विंडोजला इंटरनेटपासून जितके दूर ठेवाल तितके बरे. ज्या पेढीवर तीन-चार संगणक एकाच टॅलीला जोडलेले आहेत, किंवा दिवसभर ई-वे बिले काढावी लागतात, तिथे दर वेळी यंत्र बंद-चालू करण्यात दिवस जाईल. अशांनी नव्या संगणकाचे पैसे मोजलेलेच बरे.

बाकीच्यांनी मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवावी: कोणते काम कोणत्या गाळ्यात. ती ४८ अंकी किल्ली मात्र कागदावर उतरवून तिजोरीत, मुदत ठेवींच्या पावत्यांच्या पाकिटात ठेवावी.