शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीचा एक मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. संध्याकाळी बाहेरून आलेले साहेब म्हणाले, "लेट्स कॉल इट अ डे." शब्द सगळे ओळखीचे, पण कोणाला बोलवायचे आणि दिवस कसला, ते कळेना. बाकीचे हात धुऊन निघाले, हा मशिनपाशी उभाच! साहेब एवढेच म्हणाले होते, आजचे काम पुरे. घरी येऊन पोरगा म्हणाला, "आई, मला इंग्रजी येतच नाही."

आम्ही म्हणतो, त्याला इंग्रजी येते. वाक्प्रचार मात्र कोणी शिकवले नाहीत. शिकल्या-सवरल्या घरची मुले ते जेवता जेवता ऐकतात, आपल्या मुलांच्या कानावर ते पडत नाहीत. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, हे चांगलेच झाले. पण पुस्तकातल्या आणि बोलण्यातल्या इंग्रजीत अंतर राहतेच.

यात लाज कसली? आपल्या पोटात कावळे ओरडतात, हे इंग्रज माणसाने शब्दशः घेतले तर तो डॉक्टरला बोलावील. आणि आपला 'नाद खुळा' शब्दकोश उघडून कोणाला कळणार?

वाक्प्रचारामागची गोष्ट कळली की तो विसरत नाही. 'ॲट द इलेव्हन्थ अवर' म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला. हा बायबलमधला. दिवसाचे बारा तास. अकराव्या तासाला, दिवस मावळायला आला असताना, द्राक्षमळ्याचा मालक उभ्या असलेल्या मजुरांना विचारतो, रिकामे का? ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर घेतलेच नाही. मालक त्यांना कामावर घेतो आणि मजुरी पूर्ण दिवसाची देतो. नाक्यावर उभे राहिलेल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको!

विलायतेत सरकारी कागद तांबड्या फितीने बांधत, म्हणून 'रेड टेप'. तीच आपली लालफीत. दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांना ती ठाऊक आहेच. आणि 'ब्रेड अँड बटर' म्हणजे नुसते पाव-लोणी नव्हे, आपली रोजीरोटी.

मुलांनो, एक वही करा. रोज एकच वाक्प्रचार पूर्ण वाक्यात लिहा. खाली त्याच अर्थाचा मराठी वाक्प्रचार आजीला विचारून लिहा. आजीला अक्षर येत नसेल, पण म्हणींचे भांडार तिच्याकडेच आहे. मात्र जपून. 'किक द बकेट' म्हणजे मरणे, पण थट्टेत. दुःखाच्या घरी ते बोलू नये. नोकरीच्या अर्जात तर साधे, सरळ इंग्रजीच बरे.

आणि कळले नाही तर विचारा. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी साहेबांना अर्थ विचारला. साहेब हसले नाहीत, त्यांनी नीट सांगितले. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आता तेच वाक्य आहे. तुमच्या घरच्या वहीत पहिले कोणते?